ग्रेट टिट आणि हिवाळी पतंग : ओकच्या जंगलातील दोन वेळापत्रकांचा प्रकरण अभ्यास

नेदरलँड्समधील आर्नहेम शहराजवळ होखे फेलुवे नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील ओक आणि पाइन वृक्षांच्या जंगलात खोडांवर लाकडी पेट्या टांगलेल्या असून त्यांत ग्रेट टिट हा पिवळ्या पोटाचा, काळ्या डोक्याचा आणि पांढऱ्या गालांचा गाणारा पक्षी दर वसंतात घरटे करतो. कोणत्या मादीने पहिले अंडे कोणत्या तारखेला घातले, एकूण अंडी किती, त्यांतून उडालेली पिल्ले किती आणि पायात ओळखीचे कडे घातलेल्या त्या पिल्लांपैकी पुढच्या वर्षी परत सापडली किती, याची नोंद तेथे १९५५ पासून होत आली आहे. त्याच जंगलात, त्याच ओकवर, हिवाळी पतंगाच्या हिरव्या अळ्या एप्रिल-मे महिन्यांत कोवळी पालवी खाऊन वाढतात, आणि टिटच्या पिल्लांचे मुख्य अन्न म्हणजे या अळ्या व त्यांच्यासारख्या इतर पतंगांच्या अळ्या.

हवामान तापू लागल्यावर या दोघांच्या वेळापत्रकांत जी फट पडली, ती आता पाठ्यपुस्तकांतील उदाहरण झाली आहे. ऊब वाढली, अळ्या लवकर आल्या, पक्षी मागे राहिला आणि पिल्ले उपाशी राहिली, असे ते थोडक्यात सांगितले जाते. हे खोटे नाही. परंतु या प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट नेमकी या थोडक्यात सांगण्यात हरवते, असे माझे मत आहे. एखादा जीव किती दिवसांनी सरकला हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो किती दिवसांनी सरकायला हवा होता हे दाखवणारी मोजपट्टी शेजारी असेल, तरच त्या आकड्याला अर्थ येतो. पक्ष्यासाठी ती मोजपट्टी अळी आहे. अळीसाठी ती ओकची पालवी आहे. ही गोष्ट लक्षात ठेवली की त्याच जंगलातील पक्षी आणि पतंग यांची तुलना वेगळीच दिसू लागते.

पक्ष्याची धूळपेरणी

ग्रेट टिटची मादी जेमतेम १८ ग्रॅम वजनाची असते. ती रोज एक याप्रमाणे साधारण आठ-नऊ अंडी घालते. एका अंड्याचे वजन पावणेदोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक-दशांश. नऊ अंडी झाली की तिने आठ-नऊ दिवसांत स्वतःच्या वजनाला येऊन भिडेल एवढा ऐवज शरीरातून बाहेर टाकलेला असतो. हे सारे ती अशा दिवसांत करते, जेव्हा झाडे अजून बहुतांशी उघडी असतात आणि अन्न शोधणे कठीण असते.

आता एक घरटे डोळ्यांसमोर आणू. समजा पहिले अंडे २० एप्रिलला पडले आणि एकूण अंडी नऊ झाली, तर शेवटचे अंडे २८ एप्रिलला येईल. उबवणी शेवटच्या अंड्याच्या सुमारास सुरू होऊन बारा-तेरा दिवस चालेल, म्हणून पिल्ले १० किंवा ११ मे रोजी बाहेर येतील. बाहेर येताना प्रत्येक पिल्लू दीड ग्रॅमहूनही कमी वजनाचे, आंधळे आणि बहुतेक उघडेच असते. पुढच्या पंधरा दिवसांत त्याला प्रौढ पक्ष्याच्या वजनाच्या जवळ पोहोचायचे असते. त्याची भूक नवव्या-दहाव्या दिवशी शिगेला पोहोचते, म्हणजे या घरट्यात साधारण २० मे रोजी. त्या दिवसांत नर आणि मादी मिळून पहाटेपासून अंधार पडेपर्यंत काहीशे फेऱ्या मारतात, आणि बहुतेक फेरीत चोचीत एकच अळी असते. अळ्या जवळच्या फांदीवर आणि मोठ्या मिळाल्या, तर नऊच्या नऊ पिल्ले धष्टपुष्ट होऊन अठरा-वीस दिवसांची झाल्यावर पेटी सोडतात. अळ्या संपत आल्या असतील, तर आईबापांना दूर जावे लागते, कोळी आणि बारीकसारीक किडे आणावे लागतात, आणि पेटीच्या तळाशी सर्वांत लहान पिल्लू इतरांच्या पायाखाली दबून राहते.

यातली कळीची बाब ही की पहिल्या अंड्याचा निर्णय अन्नाच्या गरजेच्या तब्बल महिनाभर आधी घ्यावा लागतो. २० एप्रिलला त्या मादीला २० मेच्या अळ्या दिसणे शक्यच नसते. ती अप्रत्यक्ष खुणांवर विसंबते. दिवस लांबू लागला की तिच्या शरीरात प्रजननाची तयारी सुरू होते. ही खूण सूर्याची असल्यामुळे ती दरवर्षी त्याच तारखेला येते. त्या चौकटीत नेमका दिवस ठरवताना मार्च-एप्रिलमधील ऊब कामी येते. तापमान नियंत्रित केलेल्या पिंजऱ्यांत टिटच्या जोड्या ठेवून डच संशोधकांनी दाखवले आहे की ऊब स्वतःच अंडी घालण्याची तारीख अलीकडे आणते; ती केवळ पालवीच्या किंवा अन्नाच्या मार्फत काम करते असे नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला हे समजण्यासाठी दूर जावे लागत नाही. मृग नक्षत्र दरवर्षी ७ जूनच्या आसपास लागते, कारण ते सूर्याच्या स्थितीवरून ठरते. पाऊस मात्र त्या तारखेला बांधलेला नसतो. म्हणून जाणता शेतकरी पाऊस पडून जमिनीला वाफसा येईपर्यंत थांबतो, आणि ज्याला थांबणे परवडत नाही तो कोरड्या मातीत धूळपेरणी करतो. टिटच्या मादीला वाफशाची वाट पाहण्याची सोयच नाही. तिची प्रत्येक पेरणी धूळपेरणी असते. एक उपाय तिच्याकडे असतो: पहिली पिल्ले उडाल्यावर दुसऱ्यांदा अंडी घालणे. परंतु ही दुबार पेरणीदेखील अळ्या टिकल्या तरच फळते, आणि नेदरलँड्समधील टिटमध्ये दुसऱ्या विणीचे प्रमाण गेल्या काही दशकांत घटत गेल्याचे नोंदींतून दिसते.

पतंगाची जोखीम

हिवाळी पतंगाचे आयुष्य पाहिले की तुलनेला खरी धार येते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंड संध्याकाळी, जेव्हा बहुतेक कीटक दिसेनासे झालेले असतात, तेव्हा जमिनीतल्या कोषांतून हे पतंग बाहेर पडतात. नर फिकट करड्या-तपकिरी रंगाचा आणि उडणारा असतो. मादीला पंखांच्या नावाखाली केवळ खुंट असतात; फुगीर पोटाची, लांब पायांची ती मादी विजेरीच्या उजेडात ओकच्या सालीवरून वर चढताना दिसली, तर पाहणाऱ्याला प्रथम कोळीच वाटावा. खोडावरच मीलन होते आणि ती शेंड्याकडे जाऊन सालीच्या फटींत, शेवाळाखाली शंभर-दीडशे अंडी घालते. अंडी आधी फिकट हिरवी असतात, मग नारिंगी होतात, आणि तशीच सारा हिवाळा फांदीवर काढतात.

एप्रिलमध्ये अंड्यातून जी अळी बाहेर येते ती मिलिमीटर-दोन मिलिमीटरची असते. चालताना ती पाठीची कमान करून शरीर पुढे ओढते, म्हणजे आपल्याकडे सोयाबीनवर जिला उंटअळी म्हणतात तिच्यासारखीच. तिला ताबडतोब कोवळे पान लागते. ओकची कळी अजून घट्ट मिटलेली असेल, तर ती थोडेच दिवस तग धरते. काही अळ्या रेशमाचा धागा सोडून वाऱ्यावर दुसऱ्या झाडाकडे जाण्याचा प्रयत्न करतात, पण बहुतेक मरतात. उलट ती उशिरा बाहेर आली, तर पान तिच्यासमोर असते पण खाण्यालायक उरलेले नसते. ओकचे पान वाढते तसे ते चिवट होते आणि त्यात टॅनिन हे तुरट रसायन साठत जाते. ऑक्सफर्डजवळच्या वायटमच्या जंगलात काम करून पॉल फीनी यांनी १९७० मध्ये हे सविस्तर मांडले. असे पान खाल्लेल्या अळीचा कोष हलका होतो, आणि हलक्या कोषातून निघालेली मादी कमी अंडी घालते. म्हणजे लवकर येणे हा मृत्यू आणि उशिरा येणे हा तोटा, अशा दोन कडांमधल्या मोजक्या दिवसांत तिचे सारे भवितव्य बसवलेले असते. मेच्या अखेरीस पूर्ण वाढलेली, सुमारे अडीच सेंटिमीटरची अळी धाग्यावरून जमिनीवर उतरते, मातीत कोष करते, आणि थेट नोव्हेंबरमध्ये पतंग होऊन वर येते.

म्हणून ज्या अळीला आपण पक्ष्याच्या बाजूने केवळ अन्न म्हणून पाहतो, तिची स्वतःची एक ताटातूट चालू असते, आणि माझ्या मते या प्रकरणाचा हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. मार्सेल फिसर आणि लेनार्ड होलेमन यांनी २००१ मध्ये दाखवले की अलीकडच्या उबदार वसंतांत हिवाळी पतंगाची अंडी ओकच्या कळ्या उघडण्याच्या बरीच आधी फुटत होती. त्यांचे स्पष्टीकरण विचार करण्याजोगे आहे. वसंतातील ऊब वाढली, पण हिवाळ्यातील गोठवणाऱ्या दिवसांची संख्या कमी झाली नाही. थंडी आणि ऊब यांचा जो मेळ धरून अंडे आणि कळी पूर्वी एका वेळी उघडत असत, तोच मेळ बदलला. अंडे आणि कळी दोघेही तापमानच वाचत होते, परंतु सारख्या रीतीने वाचत नव्हते. जुन्या हवामानात हा फरक झाकलेला होता, नव्या हवामानात तो उघडा पडला.

येथे पक्ष्याशी असलेला मूलभूत भेद दिसतो. टिटची मादी काही वर्षे जगते आणि दरवर्षी अंडी घालण्याची तारीख त्या वर्षीच्या वसंताप्रमाणे पुढेमागे करू शकते. एकाच मादीच्या दोन वर्षांतील तारखांत चांगलाच फरक पडू शकतो. अंडी घातल्यावरही तिच्या हातात थोडी मोकळीक उरते: उबवणी शेवटच्या अंड्याच्या आधीच सुरू करणे, एखादा दिवस अंडे न घालणे किंवा अंडी कमी घालणे. पतंगाच्या मादीला यातले काहीही नाही. ती नोव्हेंबरमध्ये एकदाच अंडी घालून मरते, आणि कोणत्या ऊबेला किती वेगाने वाढायचे याचा हिशोब अंड्याला वारशाने मिळालेला असतो. अंडे कळीकडे पाहू शकत नाही.

मोजले कसे

या प्रकरणाचे वजन त्याच्या मोजणीत आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. पक्ष्याची बाजू मोजणे तुलनेने सरळ आहे, कारण तो पेटीत येतो. डच टिटच्या नोंदींची परंपरा १९१२ पर्यंत मागे जाते. आज हे काम वाखेनिंगन येथील नेदरलँड्स परिसंस्था संशोधन संस्थेकडे आहे. एप्रिलपासून ठरावीक दिवसांनी प्रत्येक पेटी उघडून अंडी मोजली जातात; रोज एक अंडे येते हे माहीत असल्यामुळे पाच अंडी दिसली की पहिले अंडे चार दिवसांपूर्वीचे, असा हिशोब मागे नेता येतो.

अळ्या मोजणे अवघड आहे. त्या उंच शेंड्यात, पानांच्या गुंडाळ्यांत, पानांच्याच रंगाच्या असतात. म्हणून संशोधक अळीऐवजी तिची विष्ठा मोजतात. ओकखाली पातळ कापडाच्या लहान जाळ्या पसरून ठेवतात, काही दिवसांनी त्यांत पडलेले मोहरीहून बारीक दाणे गोळा करतात, वाळवतात, कचऱ्यातून निवडून काढतात आणि वजन करतात. ऊब जास्त असेल तेव्हा अळी अधिक खाते आणि अधिक विष्ठा टाकते, त्यामुळे त्या दिवसांचे तापमान हिशोबात धरूनच झाडावर अळ्यांचे एकूण वजन किती असावे हे काढावे लागते. जोराचा पाऊस झाला की नमुना धुऊन जातो. इतके किचकट काम वर्षानुवर्षे, त्याच झाडांखाली, त्याच पद्धतीने करत राहणाऱ्या माणसांविषयी मला मनापासून आदर वाटतो, कारण अळ्यांचा बहर कोणत्या दिवशी शिगेला पोहोचला हा एक आकडा या वजनांतून निघतो, आणि त्या आकड्याशिवाय पक्ष्याविषयीची साठ-सत्तर वर्षांची नोंद केवळ तारखांची यादी राहिली असती.

ही मोजपट्टी हाती आल्यावर जे दिसले ते असे. १९८५ ते २००५ या काळात होखे फेलुवे येथे अळ्यांच्या बहराची तारीख दरवर्षी सरासरी पाऊण दिवसाने अलीकडे येत गेली. वीस वर्षांत हे सुमारे दोन आठवडे होतात. टिट त्या वेगाने सरकले नाहीत. त्याआधीच, १९९८ मध्ये, फिसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ ते १९९५ या २३ वर्षांच्या नोंदींवरून सांगितले होते की लवकर अंडी घालणाऱ्या माद्यांचा फायदा वाढत चालला आहे, म्हणजे नैसर्गिक निवड लवकरच्या बाजूने जोर लावत आहे, तरी प्रत्यक्षात अंडी लवकर घातली जात नाहीत. कारण असे मानले गेले की पक्षी ज्या दिवसांतील ऊब पाहून निर्णय घेतो ते दिवस फारसे तापले नव्हते, आणि अळ्या ज्या दिवसांत वाढतात ते दिवस तापले होते. पक्ष्याची खूण आणि पक्ष्याची गरज या दोन्ही गोष्टी एकाच वसंतातल्या असूनही त्यांच्यात अंतर पडले.

वायटमची साक्ष

हेच दोन जीव, हाच वृक्ष, पण समुद्रापलीकडे निराळे उत्तर मिळाले. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ताब्यातील वायटमच्या जंगलात डेव्हिड लॅक यांनी १९४७ मध्ये टिटचा अभ्यास सुरू केला, आणि तो आजही चालू आहे. योगायोग असा की त्याच जंगलात जॉर्ज व्हार्ली आणि जॉर्ज ग्रॅडवेल हे कीटकशास्त्रज्ञ १९५० पासून १९६८ पर्यंत हिवाळी पतंगाची संख्या का वाढते आणि का घटते याचा शोध घेत होते. खोडावर सापळे लावून चढणाऱ्या माद्या मोजायच्या, झाडाखाली पसरट भांडी ठेवून धाग्यावरून उतरणाऱ्या अळ्या मोजायच्या, अशी त्यांची पद्धत होती. पक्ष्यांचे अभ्यासक आणि पतंगांचे अभ्यासक वेगवेगळ्या प्रश्नांसाठी एकाच झाडापाशी येत होते, आणि नंतर निम्म्या अळ्या जमिनीवर उतरल्याची तारीख हीच पक्ष्यांच्या अभ्यासात अन्नाच्या वेळेची खूण ठरली.

आन शारमांतिए आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये वायटमच्या ४७ वर्षांच्या, म्हणजे १९६१ ते २००७ या काळातील नोंदी तपासल्या. तेथील टिटची अंडी घालण्याची सरासरी तारीख सुमारे दोन आठवडे अलीकडे आली होती, आणि अळ्यांची वेळ जितकी सरकली त्याच्याशी ती बऱ्यापैकी जुळत होती. हा बदल समजावून सांगायला प्रत्येक मादीची स्वतःची लवचीकता पुरेशी होती. पिढ्यांतून होणाऱ्या आनुवंशिक बदलाची आवश्यकता भासत नव्हती. आणखी एक फरक होता. वायटमच्या माद्या ऊबेला साधारण एकसारखा प्रतिसाद देत होत्या, तर होखे फेलुवेमधील माद्यांमध्ये काही अधिक लवचीक आणि काही कमी, असा भेद होता, आणि २००५ मध्ये डॅनियल नसी व सहकाऱ्यांनी दाखवले होते की हा भेद काही अंशी वारशाने येतो व नैसर्गिक निवड अधिक लवचीक माद्यांची बाजू घेत आहे.

या दोन निष्कर्षांपैकी एक बरोबर आणि दुसरा चूक असे समजण्याची घाई अनेकदा होते. ती योग्य नाही. लवचीकता म्हणजे खुणेला प्रतिसाद देण्याची क्षमता. खूण आणि गरज एकत्र सरकत असतील तर ती पक्ष्याला तारते, जसे वायटममध्ये झाले, आणि दोहोंत अंतर पडले तर तीच क्षमता अपुरी पडते. पक्षी दोन्हीकडे तोच होता. दोन ठिकाणच्या वसंतातील कोणता पंधरवडा किती तापला, हे वेगळे होते.

पतंग कसा सावरला

आता पुन्हा डच ओककडे. पतंगाची अंडी कळीच्या आधी फुटत होती, त्यामुळे दर वसंतात लवकर फुटणाऱ्या अंड्यांतील अळ्या मोठ्या प्रमाणावर उपाशी मरत होत्या आणि उशिरा फुटणाऱ्या अंड्यांतील अळ्या वाचत होत्या. अंडे फुटण्याची वेळ हा गुण या पतंगात बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे. एका मादीची शंभराहून अधिक अंडी, दरवर्षी एक नवी पिढी, जुनी पिढी पूर्णपणे संपलेली आणि चूक करणाऱ्याला जवळजवळ निश्चित मृत्यू, अशा परिस्थितीत निवड झपाट्याने काम करते. मार्गरिट फान आश, फिसर आणि सहकाऱ्यांनी दरवर्षी जंगलातून माद्या धरून त्यांची अंडी ठरावीक तापमानांत वाढवली आणि ती केव्हा फुटतात हे नोंदवले. २०१३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की जेमतेम दीड दशकाच्या आत अंडी फुटण्याची वेळ आनुवंशिक बदलाने उशिराकडे सरकली असून पतंग आणि पालवी यांचा मेळ बऱ्याच प्रमाणात पुन्हा बसला आहे.

पतंग उशिराकडे सरकला, हे वाचताना क्षणभर थांबावे लागते. तापणाऱ्या हवामानात सारे काही लवकर होते अशी आपली समजूत असते, आणि केवळ तारखांकडे पाहणाऱ्याला हा बदल उलट दिशेचा वाटेल. ओकची मोजपट्टी लावली की तो अगदी योग्य दिशेचा दिसतो. वसंत अलीकडे आल्यामुळे प्रत्यक्ष तारीख तरीही पूर्वीपेक्षा अलीकडची असू शकते; बदलला आहे तो ऊबेला दिलेला प्रतिसाद.

पक्ष्यामध्ये असे का होत नाही, हा प्रश्न साहजिक आहे. तेथेही निवड लवकरच्या बाजूने जोर लावत आहे. परंतु अंडी घालण्याची तारीख टिटमध्ये फार थोड्या प्रमाणात वारशाने येते. तिच्यावर त्या वर्षीच्या हवामानाचा, मादीच्या वयाचा आणि तिच्या प्रकृतीचा प्रभाव अधिक असतो. ज्या लवचीकतेमुळे पक्षी दरवर्षी स्वतःला सावरू शकतो, तीच लवचीकता निवडीला पकड मिळू देत नाही, असे मला हे पुरावे एकत्र वाचताना वाटते. शिवाय उशीर झालेल्या घरट्यातील सगळी पिल्ले मरत नाहीत, त्यामुळे निवडीचा घाव पतंगावर बसतो तितका तीव्र नसतो.

आणखी एक गोष्ट पक्ष्याच्या बाजूने मांडली गेली आहे. लवकर अंडी घालणे पिल्लांच्या दृष्टीने उत्तम असले, तरी आईला ते महाग पडते. थंडीत, अन्न तुटपुंजे असताना आपल्या वजनाइतका ऐवज अंड्यांत घालणे म्हणजे स्वतःच्या जिवाला धोका पत्करणे. तेव्हा अळ्यांच्या बहरापेक्षा काही दिवस उशिरा पिल्ले येणे ही सर्व वेळी चूक नसते. आई आणि पिल्ले यांच्या हिताचा तो मध्यबिंदू असू शकतो. अळीची मोजपट्टी हातात घेतानाही ही सूट ठेवावी लागते.

मग टिट कमी का झाले नाहीत

या साऱ्याचा अर्थ टिटची संख्या घटली असेल असा कोणी काढला, तर तो तर्काला धरून असला तरी नोंदींना धरून नाही. थॉमस रीड, फिसर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये होखे फेलुवेच्या सुमारे चार दशकांच्या आकडेवारीवरून दाखवले की अळ्यांशी मेळ चुकलेल्या वर्षांत पिल्ले कमी उडाली, पण त्यामुळे हिवाळ्यात एका जागेसाठी आणि एका दाण्यासाठी भांडणारी पिल्लेही कमी होती, आणि उरलेल्यांची जगण्याची शक्यता वाढली. उन्हाळ्याच्या तोंडाशी झालेला तोटा हिवाळ्यात बराचसा भरून निघाला. टिटच्या हिवाळ्यातील नशिबावर बीच वृक्षाच्या बियांच्या हंगामाचाही मोठा परिणाम असतो; ज्या वर्षी बीच भरभरून बिया टाकतो त्या वर्षी पक्षी अधिक संख्येने वसंत पाहतात. ही उसंत किती काळ पुरेल हे त्या नोंदींतून निघत नाही, आणि मेळ आणखी बिघडला तर भरपाईला मर्यादा येणार हे उघड आहे.

सर्वच पक्ष्यांना ही उसंत मिळालेली नाही. त्याच डच जंगलांत उन्हाळ्यासाठी येणारा पाइड फ्लायकॅचर हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो, आणि तेथे बसून युरोपातील वसंत किती तापला हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. ख्रिस्तियान बोट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये नोंदवले की जेथे अळ्यांचा बहर सर्वांत आधी येतो त्या भागांतील या पक्ष्याची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली होती. जागेवर राहणारा टिट निदान मार्चची ऊब स्वतःच्या अंगावर अनुभवतो.

पंच्याहत्तर मीटरचा वसंत

सह्याद्रीतही ग्रेट टिटचा जवळचा नातेवाईक, राखी रंगाचा टिट, दिसतो, आणि तो दिसला की मला हे प्रकरण आठवते. परंतु एकाच पेटीची आणि एकाच झाडाखालच्या अळ्यांची दशकानुदशके नोंद हा त्याचा गाभा आहे आणि त्यावाचून कोणतीही तुलना उसनी ठरेल, म्हणून ती येथे करत नाही. त्याऐवजी वायटमच्या अलीकडील कामाकडे वळतो, कारण त्याने मोजपट्टी कोठे ठेवायची हा प्रश्न आणखी बारीक केला आहे.

एला कोल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये वायटममधील सहा दशकांतील १३,००० हून अधिक विणींच्या नोंदी, यावेळी संपूर्ण जंगलाची सरासरी न घेता, एकेका पेटीप्रमाणे तपासल्या. टिटची मादी पिल्लांसाठी अळ्या शोधायला फार दूर जात नाही; तिचे जग पेटीभोवतीच्या मोजक्या झाडांपुरते असते. असे दिसले की जंगलाच्या काही भागांत अंडी घालण्याची तारीख वेगाने अलीकडे आली होती आणि काही भागांत ती फारशी हलली नव्हती, आणि हा फरक पेटीपासून ७५ मीटरच्या आतील ओकवृक्षांच्या प्रकृतीशी जोडलेला होता. जेथे ते ओक निरोगी होते तेथे पक्षी अधिक सरकले होते; जेथे ओकचे शेंडे विरळ झालेले, फांद्या वाळलेल्या होत्या, तेथे ते मागे राहिले होते. एकाच जंगलात, एकाच वर्षी, एकाच जातीच्या दोन माद्या शेजारच्या दोन टेकाडांवर दोन वेगवेगळे वसंत पाहत होत्या, आणि पतंगाच्या बिनपंखी मादीने नोव्हेंबरमध्ये जे खोड चढायला घेतले होते, तेच खोड त्यांपैकी एकीच्या पेटीसमोर उभे होते.